वाढत्या अंगाचं हॉकी गियर: सरकतं, टोचतं, उघडं पडतं, त्याचं काय करायचं

शाळेचा गणवेश घेताना आपल्याकडे एक रीत आहे. वाढत्या अंगाचा घ्यायचा, बाह्या दुमडायच्या, पँटला आतून टीप मारायची आणि दोन वर्षं काढायची. कॅनडातल्या ब्रॅम्प्टन, मिसिसागा किंवा अमेरिकेत न्यू जर्सीतल्या मराठी घरातलं मूल पहिल्यांदा आइस हॉकीला जातं तेव्हा ही रीत दुकानापर्यंत सोबत जाते. मग सगळा हंगाम त्याच त्याच तक्रारी येतात: पाय आत वाकतात, शिन गार्ड (नडगीवरचं कवच) फिरतं, पडल्यावर नेमकं कोपराचं हाडच आपटतं, हेल्मेट डोळ्यांवर येतं. दर वेळी टेप गुंडाळून, लेस आणखी करकचून वेळ मारून नेली जाते आणि पुढच्या शनिवारी पुन्हा तेच.

सैल सदरा फार तर वाईट दिसतो. सैल पॅड मात्र जागा सोडतं. कोपराची वाटी दोन इंच खाली घसरली की ती हाताचं पुढचं मांस झाकते आणि ज्या हाडासाठी ती बनवली ते उघडं राहतं. म्हणून "थोडं मोठं घेतलं तर काय बिघडतं" या प्रश्नाचं उत्तर प्रत्येक वस्तूसाठी वेगळं आहे. पँट थोडी मोठी चालते. स्केट आणि हेल्मेट अजिबात नाही.

दुसरी गोष्ट दुकानात सहसा कुणी सांगत नाही. एकेक वस्तू सुटी घालून पाहिली तर बहुतेक सगळी बरोबर वाटतात. गडबड होते ती सांध्यांत: शिन गार्ड जिथे स्केटला भेटतं, पँट जिथे गुडघ्याच्या वाटीवर येते, ग्लव्हचा कफ जिथे एल्बो पॅडला भिडतो, शोल्डर पॅड जिथे पँटच्या कमरेवर टेकतं. त्यामुळे तपासणी पूर्ण साज चढवूनच करायची.

सगळं घालून पाहा, मग दोष द्या

स्केटच्या पात्यांना गार्ड लावा, गालिच्यावर उभं करा. घालण्याचा क्रम असा: आतला पातळ घट्ट कपडा, जॉक किंवा मुलींचं जिल (जांघेचं कवच), शिन गार्ड, त्यावर हॉकीचे लांब मोजे, पँट, स्केट, मग शोल्डर पॅड, एल्बो पॅड, नेक गार्ड, जर्सी, हेल्मेट आणि शेवटी ग्लव्ह्ज. छातीपर्यंत येणारं बिब जोडलेलं नेक गार्ड असेल तर ते शोल्डर पॅडच्या आधी घालायचं, म्हणजे बिब पॅडखाली दाबलं जातं.

आता पाच हालचाली करून घ्या. गुडघे वाकवून स्केटिंगच्या पवित्र्यात उभं राहणं. दोन्ही गुडघ्यांवर बसणं. दोन्ही हात सरळ वर. खाली वाकून बोटांनी स्केटला हात लावणं. मान दोन्ही बाजूंना पूर्ण वळवणं. प्रत्येक वेळी दोनच गोष्टी बघायच्या: कुठे आतला कपडा किंवा कातडी दिसते, आणि कुठली वस्तू दुसरीला ढकलते. जिथे उघडं पडलं तिथे रंगीत टेपचा तुकडा चिकटवा. ही खूण नसली तर दुकानात जाऊन पुन्हा अंदाजपंचेच होतं.

पाकिटावर यूथ, ज्युनियर, इंटरमीडिएट, सीनियर असं लिहिलेलं असतं. ते मुलाचं वय समजू नका. दहा वर्षांच्या उंच मुलीला काही वस्तू ज्युनियर लार्ज आणि काही इंटरमीडिएट स्मॉल लागू शकतात. आणि या दोन्हींत लांबी जवळपास सारखी असली तरी मोठ्या गटाच्या पॅडमध्ये फोम आणि प्लास्टिक जाड असतं, वजन जास्त असतं. वजनाने हलक्या मुलाला ते ओझं होतं.

"घोटे आत वाकतात", "पाय बधिर होतो": स्केट

सर्वात जास्त तक्रारी इथल्या, आणि सर्वात जास्त चुकीचे उपायही इथलेच.

आधी आकडा. हॉकी स्केटचं माप अमेरिकन बुटाच्या मापापेक्षा साधारण १ ते १॥ ने कमी असतं. भारतातून नेलेल्या किंवा भारतात घेतलेल्या बुटावर बहुधा ब्रिटिश माप असतं, आणि ते अमेरिकन पुरुषी मापापेक्षा साधारण १ ने लहान असतं. म्हणजे भारतीय ८ नंबर वापरणाऱ्याचा अमेरिकन नंबर ९ आणि स्केट ७॥ ते ८. बायकांच्या अमेरिकन बुटाचा नंबर असेल तर २ ते ३ वजा करावे लागतात, कारण स्केट पुरुषी मोजणीवर असतात. ही वजाबाकी न करता "पायात ४ नंबर आहे, ४ द्या" म्हटलं की तिथेच स्केट दीड नंबराने मोठं झालं. त्यावर "वाढत्या पायासाठी अर्धा जास्त" चढवला की दोन नंबर. घोटे वाकण्याचं सर्वात मोठं कारण हेच.

माप तपासायच्या तीन पद्धती. पहिली: स्केटमधलं इनसोल बाहेर काढा, जमिनीवर ठेवा आणि मुलाला टाच मागच्या कडेला लावून पूर्ण वजन टाकून त्यावर उभं करा. अंगठ्यापुढे १ सेंमीपेक्षा जास्त इनसोल उरलं तर स्केट मोठं. दुसरी: लेस पूर्ण सैल करून पाय आत घाला, बोटं पुढे टेकेपर्यंत सरकवा आणि टाचेमागे बोट घालून पाहा. वाढीसाठी जागा ठेवायचीच असेल तर मोठ्या माणसाचं एक बोट जेमतेम जाईल एवढी चालते. दोन बोटं गेली तर परत द्या. तिसरी: टाच जमिनीवर दोनदा आपटून मागे बसवा, लेस बांधा आणि सरळ उभं करा. बोटांची टोकं पुढच्या टोपणाला हलकेच लागायला हवीत. गुडघे वाकवले की टाच मागे बसते आणि बोटं टोपणापासून थोडी सुटतात. पवित्र्यातही बोटं दाबली जात असतील तर स्केट लहान आहे. मूल "टोचतंय" म्हणालं की लगेच मोठा नंबर मागू नका, उभं राहून टोचतंय की वाकून, ते विचारा.

लांबी बरोबर असूनही स्केट चुकू शकतं, कारण रुंदी आणि पोटातली खोली वेगळी असते. बाउअर कंपनी यासाठी फिट १, फिट २, फिट ३ असे तीन प्रकार देते: १ अरुंद आणि उथळ, ३ रुंद आणि खोल. सीसीएम या दुसऱ्या कंपनीत टेपर्ड, रेग्युलर, वाइड अशी नावं आहेत. जुन्या स्केटवर डी आणि ईई ही अक्षरं दिसतील. ईई रुंद. खोली बघायला पेन्सिल पुरते. पाय आत, टाच मागे, लेस सैल. वरून तिसऱ्या भोकांच्या जोडीवर पेन्सिल आडवी ठेवा. ती दोन्ही कडांवर सपाट बसली तर खोली ठीक. पायाच्या उंचवट्यावर अडकून एका बाजूने उचलली गेली तर बूट उथळ आहे. अशा बुटात लेस कितीही सैल केली तरी पायाच्या वरच्या बाजूला दाब येतो आणि वीस मिनिटांत पाय बधिर होतो. चवडा रुंद आणि टाच बारीक असेल तर मोठा नंबर घेण्याऐवजी त्याच नंबरात रुंद प्रकार घ्यायचा. मोठा नंबर घेतला की चवड्याला मोकळं होतं खरं, पण टाच आत वर-खाली होते आणि टाचेच्या हाडावर गाठ धरते.

माप बरोबर आहे आणि तरीही घोटे वाकतात? मग बुटाला सोडून पात्याकडे बघा. पातं वर करून त्याच्या दोन धारांवर एक नाणं आडवं ठेवा आणि डोळ्याच्या रेषेत धरा. नाणं एका बाजूला कललं असेल तर धार असमान लागली आहे. अशा पात्यावर चांगल्या खेळाडूचाही पाय एका बाजूला जातो. पातं बोथट झालं तरी मूल आतल्या धारेवर झोपून पकड शोधतं आणि बघणाऱ्याला वाटतं घोटे कमकुवत. धार समान करून घेणं नव्या स्केटपेक्षा कितीतरी स्वस्त.

लेस बांधण्याची पद्धतही तपासा. बोटांकडे सैल, मधल्या वाकणात चापून, वर घोट्याला पक्की पण पोटरीला आवळणारी नको. करकचून बांधणारे आईवडील सहसा खालपासून वरपर्यंत सारखीच ताकद लावतात. त्याने तळव्यात गोळे येतात. मेण लावलेली लेस ओढलेल्या जागी टिकते, म्हणून कमी ताकदीत काम होतं.

घोट्याच्या समोर, लेसच्या गाठीखाली दुखतं त्याला लेस बाइट म्हणतात. बुटाची जीभ मऊ पडून बसली की लेस थेट स्नायूबंधांवर कापते. आठवडाभरासाठी सर्वात वरची भोकं सोडून बांधा आणि मध्ये जेलचं पॅड घाला. कायमचा उपाय म्हणजे जाड फेल्टची नवी जीभ शिवून घेणं. उथळ बुटातला लेस बाइट मात्र जीभ बदलून जात नाही, बूटच बदलावा लागतो.

नवं स्केट दुकानात भाजून देतात. साधारण ८० अंश सेल्सिअसच्या खास भट्टीत काही मिनिटं गरम करून लगेच पायात चढवतात. लेस ओढताना वर न ओढता बाजूला ओढायची, नाहीतर मऊ झालेल्या बुटातून भोकांच्या रिंगा निघून येतात. मग गुडघे वाकवून १० ते १५ मिनिटं बसून राहायचं. उठून चालायचं नाही, आणि २४ तास बर्फावर जायचं नाही. घरच्या ओव्हनमध्ये हा प्रयोग करू नये. तिथलं तापमान वर-खाली होतं आणि गोंद सुटतो. भाजल्याने बूट पायाच्या आकाराला जुळतो, अर्धा नंबर वाढत नाही. एकाच हाडावर, म्हणजे घोट्याच्या गोट्यावर किंवा करंगळीच्या मुळाशी, लाल होत असेल तर पूर्ण बूट पुन्हा भाजण्याची गरज नाही. दुकानदार तेवढीच जागा गरम करून आतून दाबून बाहेर काढतो. जायच्या आधी पायावर त्या जागी लिपस्टिकचा ठिपका लावा आणि पाय स्केटमध्ये घाला. आत नेमका डाग उमटतो आणि दुकानदाराला बोट दाखवत बसावं लागत नाही.

स्केटच्या आत पायात मोजा एकच, पातळ. थंडी वाजते म्हणून लोकरीचे दोन मोजे घातले की पाय आत घसरतो, रक्त अडतं आणि पाय जास्तच गार पडतात.

पुण्या-मुंबईत इनलाइन स्केटिंग करून मग बर्फावर जाणाऱ्यांची एक वेगळी गल्लत होते. बकलवाले हौशी इनलाइन स्केट बुटाच्याच नंबरात मिळतात. तोच नंबर हॉकी स्केटमध्ये मागितला की मोठं स्केट हातात येतं. लेहमध्ये आइस हॉकी शिकायला जाऊन तिथलं सामायिक गियर वापरणार असाल तर नंबर सांगण्याऐवजी पायाची लांबी मिलिमीटरमध्ये लिहून न्या. अनेक जोड्यांवर आत मिलिमीटरचा आकडा छापलेला असतो, आणि पुसलेल्या नंबरापेक्षा तो भरवशाचा.

"शिन गार्ड फिरतं, खाली येतं": नडगी, गुडघा आणि पँट

शिन गार्डचं माप इंचात असतं, लहानांत ७-८ पासून मोठ्यांत १६-१७ पर्यंत. मापायला मुलाला खुर्चीवर बसवा, गुडघा काटकोनात. पायात स्केट असलंच पाहिजे. गुडघ्याच्या वाटीच्या मध्यापासून स्केटच्या वरच्या कडेपर्यंत जे इंच भरतात तो नंबर. स्केटची जीभ गार्डच्या आत घालायची की बाहेर काढून खाली पाडायची हे आधी ठरवा, कारण त्यावर एक-दीड इंचाचा फरक पडतो. अनवाणी पायावर घोट्यापर्यंत मापलं की गार्ड लांब येतं. ही चूक जवळजवळ प्रत्येक घरात एकदा तरी होते.

लांब गार्डची ओळख सोपी आहे. उभं असताना सगळं ठीक दिसतं, पण गुडघा वाकवला की खालची कड स्केटच्या जिभेवर टेकते आणि पूर्ण गार्ड वर ढकललं जातं. गुडघा गार्डच्या वाटीच्या खालच्या काठावर येतो. मूल गुडघ्यावर पडलं तर वाटी मांडीला लागते आणि हाड बर्फाला. आखूड गार्डमध्ये उलट होतं: वाटी जागेवर, पण स्केटच्या वर दोन बोटं नडगी उघडी. पक (खेळातली रबरी चकती) आणि स्टिक नेमकी तिथेच लागते.

गार्ड गोल फिरत असेल तर आधी डावं-उजवं बघा. आतल्या बाजूला खूण असते. खूण पुसली असेल तर पोटरीला गुंडाळणारा जो पंख मोठा तो पायाच्या बाहेरच्या बाजूला येतो. डावं उजव्यात घातलेलं गार्ड कितीही टेप लावला तरी फिरणारच. ते ठीक असेल तर पट्ट्यांचा ताण बघा: वरचा पट्टा पोटरीच्या जाड भागाच्या वर, खालचा तिच्या खाली. पोटरीच्या मधोमध बांधलेला पट्टा दोन मिनिटांत घसरतो. टेप हॉकीच्या मोज्यावरून लावायचा, एक वेढा गुडघ्याच्या वाटीखाली, एक घोट्याच्या वर, प्रत्येकी दोन फेरे. चार-पाच फेरे घट्ट मारले की पोटरीत गोळा येतो आणि दोष स्केटला दिला जातो. हा मोजा वरून जॉकच्या वेल्क्रोला चिकटलेला नसेल तर तो ओघळतो आणि गार्डलाही खाली खेचतो. म्हणजे तक्रार शिन गार्डची, कारण कमरेला.

पँटचं माप कमरेचं घ्या, पण लांबीवरून पारखा. दोन्ही गुडघ्यांवर बसवल्यावर पँटची खालची कड शिन गार्डच्या वाटीवर एक-दोन इंच यायला हवी. मांडी दिसली तर आखूड. गुडघ्याखाली गेली तर पळताना वाटीला अडते आणि मांडीचं पॅड बाजूला सरकतं. काही पँटना मांडीशी चेन असते, ती उघडली की साधारण इंचभर लांबी मिळते. वाढत्या मुलांसाठी हीच पँट घ्यावी. सगळ्या साजात वाढीसाठी जागा ठेवायला पँटसारखी सोयीची वस्तू दुसरी नाही. कमरेला एक माप मोठी घेतली तर लेस आणि पट्टा आवळा, त्याने भागत नसेल तर सस्पेंडर लावा. आवळूनही घसरणारी पँट मात्र धोक्याची, कारण पाठीमागचं माकडहाडाचं पॅड खाली जातं आणि शिकाऊ मूल सर्वात जास्त वेळा पडतं ते त्याच हाडावर. बसवून मागे हात लावून पाहा, पॅडचा कडक भाग माकडहाडावर आहे ना.

कोपर, मनगट, खांदा

एल्बो पॅडची वाटी कोपराच्या टोकावर. हात सरळ केला आणि दुमडला तरी टोक वाटीतून बाहेर येता कामा नये. लांबी शोल्डर पॅडच्या दंडावरच्या तुकड्यापासून ग्लव्हच्या कफपर्यंत. दोन्हीकडे फट नको आणि चढाओढही नको. खाली घसरत असेल तर सहसा कारण एकच, दंडाचा पट्टा सैल आणि मनगटाकडचा घट्ट. उलटं करा. फार आवळल्याची खूण म्हणजे करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या येणं. कोपराच्या मागून जाणारी नस दाबली जाते. अशा वेळी एक माप मोठं घ्या, पट्टा सैल करून घसरतं पॅड वापरू नका.

ग्लव्हवर इंच छापलेले असतात, लहानांचे ८ पासून मोठ्यांचे १५ पर्यंत. बोटांची टोकं शिवणीला टेकत असतील तर लहान. स्टिक धरून मनगट गोल फिरवा. कफ एल्बो पॅडवर आपटून हात अडत असेल तर ग्लव्ह मोठा किंवा पॅड लांब. आधी पॅड जागेवर आहे ना ते बघा, मगच ग्लव्ह बदला. तळव्याला भोक पडलं की ग्लव्ह टाकू नका, तळवा नवा शिवून मिळतो. तोवर खेळायला मात्र देऊ नका.

शोल्डर पॅडचं माप काखेखालून छातीचा घेर. खांद्याच्या टोपीचा मध्य खांद्याच्या हाडावर यायला हवा. हात वर केल्यावर गळपट्टी हनुवटीला भिडली तर पॅड मोठं. वाकल्यावर पँटची कमर पॅडला वर ढकलत असेल तर पोटाचा तुकडा लांब आहे. अनेक पॅडमध्ये तो वेल्क्रोने सुटा होतो, पण काढून टाकण्यापेक्षा आखूड पॅड घ्यावं.

"हेल्मेट डोळ्यांवर येतं": डोकं आणि गळा

भुवयांच्या साधारण इंचभर वर मापाची टेप लावून डोक्याचा घेर मोजा आणि कंपनीच्या तक्त्याशी जुळवा. तक्ते कंपनीगणिक बदलतात. हेल्मेट पूर्ण उघडून डोक्यावर ठेवा आणि मग बंद करत आणा. पुढची कड भुवयांच्या वर एक बोट. आता पट्टा न लावता डोकं हलवा. कपाळाची कातडी हेल्मेटबरोबर हलली तर बसलं. हेल्मेट हललं आणि कातडी जागेवर राहिली तर सैल. पट्टा हनुवटीखाली इतका की एक बोट जेमतेम जाईल.

डोळ्यांवर येण्याचं कारण बरेचदा केसांत असतं. मुलीचा बांधलेला अंबाडा किंवा उंच पोनी मागच्या बाजूने हेल्मेट उचलतो आणि पुढची कड खाली येते. मानेजवळ सैल वेणी घाला, तीही मापाच्या वेळीच. अर्ध्या तासात कपाळ किंवा कानशिलं दुखत असतील तर माप न बदलता कंपनी बदलून पाहा. डोकी काही लांबट, काही गोल असतात आणि हेल्मेटंही.

केज म्हणजे तोंडासमोरची जाळी. तिची हनुवटीची वाटी हनुवटीला हलकेच लागली पाहिजे. वाटी खाली लोंबत असेल तर समोरून धक्का बसल्यावर केज तोंडावर येते. हनुवटी वाटीतून बाहेर येत असेल तर केज लहान. बाजूच्या क्लिप आणि पट्टे दोन्ही लावायचे. केज बसत नाही म्हणून हेल्मेटला नवं भोक पाडू नका. प्रमाणपत्र तिथेच संपतं. कॅनडात हेल्मेट आणि केजवर सीएसए या मानक संस्थेचं चिन्ह लागतं, अमेरिकेत एचईसीसी या हॉकी साहित्य प्रमाणित करणाऱ्या संस्थेचं स्टिकर. एचईसीसीच्या हेल्मेटला बनवल्यापासून साडेसहा वर्षांची मुदत असते, म्हणून मोठ्या भावाचं हेल्मेट धाकट्याला देताना मागचं स्टिकर आधी वाचा.

नेक गार्डबद्दलची टाळाटाळ आता चालत नाही. २८ ऑक्टोबर २०२३ रोजी इंग्लंडमध्ये शेफील्डच्या सामन्यात ॲडम जॉन्सन या व्यावसायिक खेळाडूचा स्केटच्या पात्याने गळा कापला जाऊन मृत्यू झाला. त्यानंतर नियम कडक झाले. अमेरिकेत यूएसए हॉकीने १ ऑगस्ट २०२४ पासून प्रौढ गट सोडून सर्वांना ते सक्तीचं केलं. कॅनडात मुलांच्या हॉकीत बीएनक्यू या क्विबेकच्या मानक संस्थेच्या प्रमाणपत्राचं गार्ड लागतं. मूल ते काढून टाकतं कारण ते रुततं, आणि रुततं कारण घेर लहान असतो. वेल्क्रो लावल्यावर एक बोट आत जायला हवं आणि वरची कड हनुवटीखाली बसायला हवी. खाली ओघळलेलं गार्ड गळ्याचा वरचा भाग उघडा टाकतं. हे गार्ड कापण्यापासून वाचवतं, मानेच्या मणक्याला धक्क्यापासून नाही.

जुनं घ्यावं का

शिन गार्ड, एल्बो पॅड, पँट, शोल्डर पॅड जुनी खुशाल घ्या. मुलं ती झिजण्याआधीच मोठी होतात, आणि वर्षाला एक माप बदलायचं तर परवडायलाही हवं. "वाढत्या अंगाचं" घेण्याची गरज इथेच संपते. तडा गेलेलं प्लास्टिक, मेलेलं वेल्क्रो आणि दगडासारखा झालेला फोम एवढं पाहा. वेल्क्रो शिंपी नवं लावून देतो. हेल्मेट कुणी वापरलं ते माहीत नसेल तर घेऊ नका. स्केट घेताना घोट्याच्या दोन्ही बाजू हाताने आत दाबा. सहज मुडपल्या तर बूट मेलेला आहे, आणि तो आधीच्या मुलाच्या पायाच्या आकाराला बसलेला असतो ते वेगळंच. पात्याची उंची नव्या पात्याशेजारी धरून बघा. धार लावून लावून पातं बुटक्या पट्टीइतकं उरलं असेल तर नव्या पात्याचा खर्च किमतीत मिळवा.

ओलं गियर रेडिएटरवर किंवा हीटरसमोर ठेवू नका. ग्लव्हचे तळवे आणि स्केटची जीभ कडक होते आणि पुढच्या आठवड्यात "अचानक लहान झालं" अशी तक्रार येते. पंख्याखाली पसरून वाळवा, स्केटची इनसोलं बाहेर काढून.

पायाचं माप हंगामात दोनदा घ्या, सप्टेंबरात आणि नाताळच्या सुट्टीत. इनसोल वाळायला बाहेर काढलेलंच असतं. मुलाला त्यावर उभं करा, अंगठ्यापुढे पेन्सिलची रेघ मारा आणि शेजारी तारीख लिहा. रेघ कडेपासून तीन-चार मिलिमीटरवर आली की पुढचा नंबर बघायला लागा, कारण रुंद प्रकार दुकानात असेलच असं नाही, मागवावा लागतो.